ऑपरेशनआधी सगळ्या खुर्च्यांवर बसून जा

आमच्या दुकानाच्या पाटीवर माझं चित्र आहे. चित्रात मी खुर्चीवर बसलोय, पण खुर्ची दिसत नाही, त्यामुळे मी उघड्यावर शौचाला बसल्यासारखा वाटतो. खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘हा बसला, तर कुणीही बसेल.’

हे वाक्य दादाला सुचलं. त्याच्या मते ही जाहिरात आहे. माझ्या मते हा अब्रुनुकसानीचा खटला आहे, पण वकील दुसऱ्या मजल्यावर बसतो आणि तिथे लिफ्ट नाही.

दादा खुर्च्या बनवतो. मागे कारखाना, पुढे दुकान, वर आमचं घर. वहिनी खुर्च्यांच्या गाद्या शिवते. आई गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांवर संशय घेते. आणि मी खुर्च्यांवर बसतो. एवढंच माझं काम. खुर्ची तयार झाली की कारागीर ती माझ्यापुढे आणून ठेवतात, मी बसतो, ती मोडत नाही, दादा तिला उलटी करून बुडाला ‘पास’ असा शिक्का मारतो. शिक्का खुर्चीच्या बुडाला. खुलासा अशासाठी की एकदा गर्दीत घोटाळा झाला होता.

दुकानात गिऱ्हाईक असलं की दादा टाळी वाजवून ओरडतो, “क्विंटल, ये रे!” हे नाव मला शाळेत मिळालं. पुढे मी बरीच प्रगती केली, नाव मात्र तिथेच राहिलं. मी येताना दिसलो की आया आपली पोरं जवळ ओढून घेतात. मी बसतो. लोक श्वास रोखतात. खुर्ची टिकते. कधीकधी टाळ्या पडतात. एकदा मी बसल्या बसल्या झोपलो, तर समोरचा माणूस बायकोला म्हणाला, “बघ, काय आराम असेल!” आणि टेबलासकट अख्खा सेट घेऊन गेला. आराम वगैरे काही नव्हता. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की रात्री झोपेत माझा श्वास मध्येच अडतो, झोप होतच नाही, म्हणून मी दिवसा कुठेही असा लुढकतो. पण तोवर दादाने ते लुढकणं कार्यक्रमात घातलं होतं.

त्याच डॉक्टरांनी माझी साखर बघितली, गुडघ्यांचे फोटो बघितले आणि माझं वय विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “अरेच्चा.” ज्या डॉक्टरच्या तोंडून ‘अरेच्चा’ निघतं त्याचं ऐकावं, म्हणून मी वजन कमी करायच्या ऑपरेशनची चौकशी केली.

आणि घरी जेवताना सांगितलं. ही चूक झाली. आमच्याकडे जेवताना फक्त भांडायचं असतं.

“मी ऑपरेशन करून घेणार आहे,” मी म्हणालो. “जठर कापून लहान करतात.”

“कुणाचं?” आईने विचारलं.

“माझं.”

“माझ्या पोटातून आलेलं पोट आणि कापणार कोण, तर परकी माणसं?”

“तू कापतेस का?”

“तोंड बघा याचं!”

“आणि दुकानाचं काय?” दादाने विचारलं.

“दुकानाचं जठर आहे तेवढंच राहील.”

“विनोद करू नकोस. पाटीवर कोण आहे? उद्या हा काडीसारखा होऊन खुर्चीवर बसला तर लोक काय म्हणतील? हा बसला म्हणून काय झालं, याच्यावर तर खुर्चीही बसू शकते!”

वहिनी तोवर गप्प होती. ती गप्प असते तेव्हा सुई शोधत असते. “भाऊजी,” ती म्हणाली, “एवढं लांब कशाला जाताय? तोंड शिवून घ्या. माझ्याकडे जाड दोरा आहे.”

“आळशी माणसांचा शॉर्टकट आहे हा,” दादा म्हणाला. “जिना चढ-उतर कर.”

“जिना माझ्याखाली कुरकुरतो.”

“जिना पास आहे!”

यानंतर दादाने माझ्याविरुद्ध मोहीम उघडली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा, “पोट कापून बारीक झालेलं कुणी माहितीय का तुम्हाला? मेलेलं असलं तर जास्त बरं.” एका बाईच्या नणंदेचे सगळे केस गेले होते. एका माणसाचा साहेब ऑपरेशन करून बारीक झाला आणि दोन वर्षांत पुन्हा होता तसा झाला, वर बायको सोडून गेली ते वेगळंच. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरने तर मोरीत उभं राहून अर्धा तास मत दिलं. पाइप आखूड केला की प्रेशर वाढतं, एवढंच तो म्हणाला, पण दादाने मला बोलावून ते पुन्हा म्हणायला लावलं.

क्लिनिकने सांगितलं होतं, पहिल्या भेटीला घरातलं एक माणूस सोबत आणा. ऑपरेशननंतर जे रोज तुमच्या ताटात काय पडतं ते बघणार आहे, असं माणूस. त्याने आमच्यासमोर ‘मी आहे’ म्हटल्याशिवाय आम्ही तारीख देत नाही. आई म्हणाली, मी मेले तरी येणार नाही. वहिनीला सोफ्याची मोठी ऑर्डर होती. दादा मात्र स्वतःहून तयार झाला. इस्त्रीचा शर्ट घातला. मला बरं वाटलं. मग दुकानाच्या व्हॅनमध्ये तो म्हणाला, “आज त्या सर्जनबाईला असं तोंडावर पाडतो की बघ.”

सर्जनबाई तोंडावर पडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी आम्हाला ‘बसा’ म्हटलं आणि हसल्या नाहीत. नंतरही नाहीत.

“या ऑपरेशनने हा बारीक होणार का?” दादाने सुरुवात केली.

“ऑपरेशनने जठर लहान होतं. बारीक त्यांना स्वतःला व्हावं लागतं.”

“मग तुमचा उपयोग काय?”

“भूक कमी होते, थोड्यात पोट भरतं. मी तेवढीच मदत करते. पुढचं सगळं तुमच्या स्वयंपाकघरात.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “जठराचा बराचसा भाग मी कापून काढणार. केळ्याएवढी नळी उरते. नंतर पश्चात्ताप झाला तर तो तुकडा परत जोडता येत नाही. कळलं?”

“कळलं.”

“टाक्यांतून गळती होऊ शकते. रक्तस्राव होऊ शकतो. पायात गुठळी होऊन ती वर जाऊ शकते. फार थोड्यांना होतं, पण होतं. म्हणून त्याच दिवशी उठवून चालायला लावतो, तेव्हा मला शिव्या द्याल.”

“देईन,” मी कबूल केलं.

“काही महिन्यांनी केस गळतात. बहुतेकांचे परत येतात.”

दादाने मला कोपराने ढोसलं.

“कातडी लोंबते. ती आपोआप वर जात नाही.”

पुन्हा कोपर.

“जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या जन्मभर. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या की काही वर्षांनी माणूस हातापायांना मुंग्या आल्या म्हणून रडत येतो. सिगारेट ओढता?”

“हा ओढतो,” मी दादाकडे बोट दाखवलं.

“मग यांनी तुमच्यापासून लांब ओढायची. गुडघ्यांसाठी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खाता?”

“मूठभर.”

“बंद. मला विचारल्याशिवाय एकही नाही, नव्या जठराला जखमा होतात. झोपताना श्वासाचं मशीन लावायचं, आजपासून. आणि ऑपरेशनआधी काही आठवडे फक्त पातळ आणि प्रथिनांचं खाणं. तुमचं लिव्हर चरबीने फुगून जठरावर पसरलंय. ते आकसलं नाही तर मी आत दुर्बीण घालीन, बघीन आणि तशीच बाहेर येईन. भूल फुकट, दिवस फुकट.”

“एवढं सगळं करून वजन परत वाढतं म्हणे!” दादाने हुकमाचं पान काढलं.

“वाढतं.”

दादा गडबडला. समोरचा ‘नाही’ म्हणेल या हिशेबाने तो आला होता.

“जठर लहान असलं तरी आइस्क्रीम वितळून जातं,” बाई म्हणाल्या. “दिवसभर थोडं थोडं गोड गिळत राहिलं तर कुठलंही ऑपरेशन हरतं. आधी सांगतेय, नंतर मला फोन करायचा नाही.”

“मग मिळणार काय याला?”

“साखर बहुधा खाली येईल. गुडघे सुटतील. झोपेत श्वास चालू राहील.”

“श्वास काय, तो आत्ताही घेतोच.”

बाईंनी आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे व्यायाम शिकवणारी मुलगी होती. माझे गुडघे तिला तपासायचे होते.

“या स्टुलावर बसा,” ती म्हणाली.

मी बसलो. बसण्यात माझा हात कोण धरणार? दादाही भिंतीला टेकून अभिमानाने बघत होता.

“आता दोन्ही पाय जमिनीवरून उचला.”

मी उचलायला गेलो. पाय उचलले गेले नाहीत.

“उचला.”

“उचलतोय.”

“नाही उचलत.”

“मी आतून उचलतोय.”

ती खाली वाकली, माझ्या मांडीखाली हात घातला. तिचा हात माझ्या मांडीच्या आणि स्टुलाच्या मधून आरामात इकडून तिकडे गेला. तिने मांडी दाबून बघितली. दगड.

“तुम्ही बसलेलेच नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“स्टुलाला जेमतेम टेकलाय. सगळं वजन पायांवर आहे. तुम्ही उभेच आहात, फक्त खाली.” तिने माझ्या मांड्या पुन्हा दाबल्या. “मांड्या पैलवानाच्या आणि गुडघे आजोबांचे. असं कधीपासून करता?”

मी आठवून बघितलं. चौथीत बाक मोडला होता. त्या वेळी अख्खा वर्ग इतका हसला की मास्तर मारायचं सोडून हसायला लागले. त्यानंतर बहुतेक माझ्या मांड्यांनी परस्परच काहीतरी ठरवलं असावं. मला कुणी कळवलं नाही. मला वाटायचं सगळी माणसं अशीच बसतात आणि सगळ्यांनाच बसून दमायला होतं.

“जड माणसं पुष्कळदा असंच करतात,” मुलगी म्हणाली. “खुर्चीवर भरवसा नसतो.”

भिंतीपाशी दादाच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. तो हळूहळू खाली घसरला आणि फरशीवर बसला. पूर्ण.

निघताना सर्जनबाईंनी त्याला विचारलं, “मग? सोबत तुम्ही आहात का?” दादा म्हणाला, “बघून सांगतो,” आणि व्हॅनकडे पळाला.

पहिल्या सिग्नलपर्यंत त्याने व्हॅन दामटली. सिग्नलला म्हणाला, “चोरा.”

“मला माहीत नव्हतं.”

“दिवसभर बसतोस आणि बसतो की नाही हे माहीत नाही? दुसरं काम काय होतं रे तुला?”

“तू शिक्का मारायचास. एकदा खाली वाकून बघायचं होतंस.”

“मी तुझ्या बुडाखाली वाकून बघू?”

शेजारच्या स्कूटरवाल्याने आमच्याकडे बघितलं आणि सिग्नल लाल असूनही तो पुढे गेला.

घरी पोचल्यावर खरा भडका उडाला. कारखान्याच्या मधोमध उभं राहून दादा ओरडत होता, वहिनी गाद्यांच्या ढिगावर बसून ऐकत होती, आई गल्ला बंद करून मजा बघायला आली होती.

“याच्या जिवावर मी पाय बारीक करत गेलो!” दादा म्हणाला.

“कुणाचे पाय?” आईने विचारलं.

“खुर्च्यांचे! हा बसला की खुर्ची पास व्हायची. मला वाटायचं, लाकूड उगीच जास्त जातंय. मग पुढच्या वेळी पाय जरा तासायचो. हा परत बसायचा. परत पास. मी परत तासायचो.”

“किती तासलेस?” मी विचारलं.

त्याने खुर्चीचा एक पाय उचलून दाखवला. माझा अंगठा त्याहून जाड होता. म्हणजे इतकी वर्षं खुर्च्या बारीक होत होत्या आणि मी जाड. आमच्या घरात कुणाचं तरी वजन नेमाने उतरत होतं तर.

वहिनी हसायला लागली. दादाने तिच्याकडे बघितलं तेव्हा ती गादीत तोंड खुपसून हसायला लागली.

“ठीक आहे,” दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम शांत झाला, तेव्हा मी घाबरलो. “तुला ऑपरेशन पाहिजे ना? ऑपरेशनआधी सगळ्या खुर्च्यांवर बसून जा. दुकानात आहेत तेवढ्या. पूर्ण बसायचं, पाय वर उचलून. मग मी त्या बाईला सांगतो, मी आहे.”

“नक्की?”

“आईशप्पथ.”

“माझी शपथ कशाला घालतोस?” आई म्हणाली. “तुझी घाल.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी पहिल्या खुर्चीपाशी उभा राहिलो. बसता येईना. मी खाली जायचो आणि मांड्या मला मध्येच धरायच्या, गल्लीतल्या भांडणात शेजारी धरतात तशा. दादा ओरडत होता, “सोड! पाय सोड!” शेवटी मी डोळे मिटले, पाय वर केले आणि आयुष्यात पहिल्यांदा बसलो.

खरं सांगतो, क्षणभर स्वर्ग होता. गुडघ्यांत काहीच नव्हतं. दुखणं कुणीतरी स्विच दाबून बंद केलं होतं. हे लोक रोज असं बसतात? आणि वर तक्रारी करतात?

मग काड्कन आवाज झाला आणि मी फरशीवर होतो.

“पुढची,” दादा म्हणाला.

पुढची तेवढाही वेळ टिकली नाही. तिसरीचे चारही पाय चार दिशांना गेले. चौथी मोडली नाही, ती हळूच खाली बसली, थकलेल्या म्हशीसारखी. आराम खुर्ची पाठीतून फाटली आणि मी तिच्यात घडीसारखा मिटलो. मला बाहेर काढायला दोन कारागीर लागले. माझी पाठ शेकून निघाली होती, कोपर सोललं होतं, आणि दादा प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन म्हणत होता, “ही टिकेल. ही मी स्वतः केलीय.” काड्.

बाहेर काचेपाशी गर्दी जमली. एक गृहस्थ दार ढकलून आत आले. “सेल आहे का?” त्यांनी विचारलं. दादाने त्यांच्याकडे बघितलं तसे ते दार ओढून बाहेर गेले, पण गर्दीतून हलले नाहीत.

“अरे, पोराचा कणा मोडेल!” आई ओरडली.

“खुर्च्यांचा मोडतोय ते दिसत नाही तुला?”

शेवटी दुकानात उभी अशी एकच गोष्ट राहिली. गल्ल्यामागची आईची प्लास्टिकची खुर्ची. बाजारातून आणलेली, हिरवी, एका बाजूला वितळलेली, कारण आईने तिच्यावर एकदा गरम इस्त्री ठेवली होती. मी दमलो होतो. कुणी काही म्हणायच्या आत मी तिच्यावर बसलो आणि दोन्ही पाय वर केले.

काही झालं नाही.

मी थोडा हललो. ती थोडी वाकली आणि परत सरळ झाली. बाहेर टाळ्या पडल्या.

दादा त्या खुर्चीकडे बघत राहिला. बायकोला परक्या माणसाबरोबर सिनेमाला बघितल्यावर माणूस बघेल तसा. “उठ तिच्यावरून,” तो म्हणाला.

“आधी ‘मी आहे’ म्हणायला चल.”

“ते आता विसर.”

“काय?”

“आता तर तुला सोडतच नाही.” त्याचे डोळे चमकायला लागले होते. “आजवर तू अर्धाच बसत होतास. आता तुला बसता येतं. मी पाय जाड करतो, सांधे बदलतो, तू बस, मोडलं की मी आणखी जाड करतो. अरे, आता कुठे तुझा खरा उपयोग! आणि आत्ता तू पोट कापून घेणार?”

“आईशप्पथ घेतली होतीस.”

“आईला चालेल.”

“मला नाही चालणार!” आई म्हणाली, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मी मग बोलायला लागलो. मला विनोद सुचला नाही, हे मला आठवतंय, कारण असं क्वचित होतं. मी म्हणालो, “दादा, मी मरेन रे.” तो म्हणाला, “नाटकं करू नकोस, मरायला तुला काय धाड भरलीय? खातोस, पितोस, झोपतोस.”

तेव्हा वहिनी मोडक्या खुर्च्यांच्या गाद्यांवरून उठली. तिने सुई ब्लाउजला खोचली. मी मागे सरकलो. पण ती माझ्याकडे येत नव्हती.

“अहो, झोपतात म्हणजे काय करतात, माहितीय का तुम्हाला?” ती दादाला म्हणाली.

“घोरतो. अख्खी गल्ली जागी असते.”

“घोरतात, आणि मग घोरायचे थांबतात. श्वासच थांबतो. तुम्ही कूस बदलून म्हणता, बरं झालं, थांबला एकदाचा. मी पडून वाट बघते. आला तर ठीक. नाही आला की मी भिंतीवर लाथ मारते. दचकून घेतात मग. थोड्या वेळाने परत तेच. लग्न होऊन आल्यापासून मी रात्रीच्या लाथा मारतेय. माझ्या बाजूचं प्लास्टर पडलंय ते तुम्हाला ओल वाटते. दोनदा रंगाऱ्याला बोलावलंत!”

 कारागीर मोडके पाय हातात घेऊन उभे राहिले.

“मला वाटायचं, माझं घोरणं तुम्हाला आवडत नाही,” मी म्हणालो.

“नाहीच आवडत. ते बंद पडलं की त्याहून आवडत नाही.”

“मग सांगायचं ना इतकी वर्षं!”

“काय सांगू? भाऊजी, तुम्ही रात्री मरता, म्हणून? उठलात की पहिला विनोद त्याच्यावरच केला असतात.” हे खरं होतं. मी तेव्हाही एक जुळवत होतो. “मला झोप पाहिजे,” ती दादाला म्हणाली. “एक रात्र. सलग. तुमच्या खुर्च्या गेल्या चुलीत. मी जातेय त्या बाईकडे. मी आहे म्हणून सांगते.”

“तू गाद्या शिवायच्या सोडून...”

“खुर्च्याच नाहीत, गाद्या कुणाला शिवू? तुम्हाला?”

दादा आमच्याशी बोलायचा बंद झाला. त्याने पाटी उतरवली, माझं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि विकलेल्या खुर्च्या परत आणायला व्हॅन घेऊन गावभर फिरायला लागला. लोक देईनात. म्हणाले, इतकी वर्षं टिकली, आमच्यात कुणी क्विंटल नाही.

क्लिनिकमध्ये आहार सांगणाऱ्या बाईंपुढे वहिनी पदर खोचून बसली. मी शेजारी.

“ऑपरेशननंतर जेवणाबरोबर पाणी प्यायचं नाही,” बाई म्हणाल्या. “आधी नाही, नंतरही थोडा वेळ नाही.”

“ग्लास लपवीन.”

“आधी प्रथिनं. अंडं, डाळ, मासळी. भात-पोळी पोटात जागा उरली तर.”

“उरू देणार नाही.”

“घास अगदी लहान. चावून चावून त्याचं पीठ करायचं. गडबडीने गिळलं तर उलटी होईल, छातीत दुखेल.”

“हे गडबडीने गिळतात. लग्नात मी यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जिलेबीचं... जाऊ दे. मी समोर बसेन. गिळलं तर गळा धरीन.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “तसं नका करू. नुसतं समोर बसलात तरी पुरे. आणि ते उदास होतील. खाणं गेलं की पुष्कळांना खूप एकटं वाटतं. तेव्हा त्यांच्याशी बोला.”

“बोलेन की,” वहिनी म्हणाली. “मी बोलायला लागले की यांना एकटं राहावंसं वाटतं.”

“तुम्हाला काही विचारायचंय?” बाईंनी मला विचारलं.

“माणूस बदलून मिळेल का?”

“नाही,” त्या म्हणाल्या. मला शंका आहे की त्यांना हसू येत होतं.

मग ते पातळ खाण्याचे आठवडे. मी त्यांच्याबद्दल जास्त लिहिणार नाही, कारण मला त्यांच्याबद्दल फक्त शिव्या येतात. पहिले काही दिवस डोकं असं दुखलं की भिंतीवरचं घड्याळ मला भाकरीसारखं दिसायला लागलं. दादा मुद्दाम माझ्यासमोर बटाटे तळून खायचा. एका दुपारी वहिनीने त्याची थाळी उचलली, खाली कारखान्यात नेऊन करवतीच्या शेजारी ठेवली आणि म्हणाली, “यापुढे इथे.” श्वासाचं मशीन मी रोज लावायचो. त्याचा मुखवटा लावला की मी लढाऊ विमान चालवून घरी आलेल्या हत्तीसारखा दिसतो, असं आई म्हणाली. आईच्या तोंडून माझ्याबद्दल निघालेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य आहे.

शेवटच्या तपासणीला सर्जनबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. वहिनीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की रक्तदाब मोजणाऱ्या मुलीने दुसरा हात मागितला.

“आकसलंय,” बाई म्हणाल्या. “येत्या सोमवारी सकाळी या. उपाशी.”

“उपाशी तर आहेच मी.”

“त्याहून.”

बाहेर व्हरांड्यात येऊन मी दादाला फोन लावला. त्याने उचलला. मागे रंधा चालू असल्याचं ऐकू येत होतं.

“सोमवारी आहे,” मी म्हणालो.

“मी दुकान बंद ठेवणार नाही.”

“नको ठेवूस.”

“सोमवारी माल यायचाय. जाड लाकूड.”

“बरं.”

रंधा थांबला. “ते जे कापून काढतात,” दादा म्हणाला, “ते देतात का घरी?”

“जठर?”

“मग काय खुर्ची? मला बघायचंय. इतकी वर्षं मी पोसलंय ते.”

मी फोनवर हात ठेवला आणि दारातून वाकून बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, ते तपासायला लॅबमध्ये जातं. मी दादाला तसं सांगितलं.

“तपासायला?” तो विचारात पडला. “आणि पास झालं तर? परत बसवतात?”

“नाही रे.”

“मग तपासतात कशाला? नुसता वेळेचा नाश! विचार त्यांना. आणि सोमवारी किती वाजता आत घेतात तेही विचार.”

“तुला काय करायचंय? तू तर दुकानात असणार.”

“कामगारांना सांगायला लागेल ना, व्हॅन कधी मोकळी आहे ते!” तो माझ्यावर खेकसला. “मूर्खासारखे प्रश्न विचारतो.”

वहिनीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. “अहो, ठेवा आता,” ती त्याला म्हणाली. “यांची सूप प्यायची वेळ झालीय. सकाळी आठला घेतात आत. गाडीत सिगारेट ओढून आलात तर गेटवरूनच परत पाठवीन.” तिने थर्मासचं झाकण उघडलं, त्यात चार घोट ओतले आणि माझ्यापुढे धरलं. “हळू,” ती म्हणाली. मी हळू प्यायलो. ती माझ्या गळ्याकडे बघत होती.